ऑक्स की यूएसबी: गाणं नेमकं वाजवतंय कोण?

विजापूर रोडच्या आमच्या मामांनी मागच्या उन्हाळ्यात जुनी हॅचबॅक घेतली. गिअरच्या पुढं मोबाईल ठेवायच्या खाचेत दोन भोकं शेजारी शेजारी: एक गोल, एक चपटं. मामांकडे काडेपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर आहे, त्यात अडीचेकशे अभंग. गाडीचा टेप त्याला जोडायचा, एवढीच अपेक्षा. "दोन्हीकडनं गाणंच वाजतंय म्हटल्यावर दोन भोकं कशाला दिलीत बे?"

गोल भोक ऑक्सचं, साडेतीन मिलिमीटरचं, म्हणजे हेडफोनची पिन जाते तेच. चपटं यूएसबीचं. ऑक्स लावलं की गाणं प्लेअर वाजवतो, गाडी फक्त स्पीकर पुरवते. यूएसबी लावलं की गाणं गाडी वाजवते आणि प्लेअर नुसता डबा होतो, गाण्यांनी भरलेला. बाकीच्या सगळ्या तक्रारी इथूनच निघतात.

मामांनी आधी ऑक्स लावलं. आवाज आला, पण लगेच तक्रार: "गाण्याचं नाव कुठं दिसायलंय? स्टेअरिंगचं बटण दाबायलोय, पुढचं गाणं येईना." येणारच नाही. त्या वायरीतून फक्त आवाजाची वीज जाते, नाव नाही आणि हुकूमही नाही. पिनेवर काळ्या रेघांनी पाडलेले तीन भाग बघा: टोकाला डावा आवाज, मधे उजवा, मागं दोघांचं मिळून ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट. चौथा भाग असला तर तो माइकचा. पिन अर्धवट बसली आणि ग्राउंड सुटलं, तर मोठी गंमत होते. डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते एकमेकांना कापून टाकतं, आणि गायकाचा आवाज सहसा मधोमध रेकॉर्ड केलेला असतो. मामांच्या गाडीत बुवा गायब आणि टाळ तेवढे झणझणत होते. "स्पीकर गेला" म्हणून ते कार डेकोरवाल्याकडं निघालेच होते. पिन कट्ट आवाज होईपर्यंत दाबली, बुवा परत आले. सोलापुरातल्या धुळीत ते भोक अधूनमधून कोरड्या कापसाच्या काडीनं पुसलेलं बरं.

ऑक्समध्ये आवाजाच्या दोन चाव्या असतात, एक प्लेअरची आणि एक गाडीची. प्लेअर बारीक ठेवून गाडीचा आवाज वाढवला की गाण्यामागं सूं असा आवाजही वाढतो. प्लेअर अगदी शेवटापर्यंत नेला की काही प्लेअर फाटल्यासारखे वाजतात. मी प्लेअर पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवतो आणि पुढचं गाडीच्या चावीनं बघतो. मामांनी उलटं केलं होतं. त्यात ऑक्सवरून रेडिओवर गेले, तर आकाशवाणी सोलापूर असं कडाडलं की मामींच्या हातातला शेंगा चटणीचा डबा सीटखाली गेला.

दुसरा त्रास खास ऑक्सचा. तुळजापूरला निघालो, प्लेअरची बॅटरी संपत आली म्हणून मामांनी लायटरच्या सॉकेटात चार्जर लावला आणि तोही प्लेअरला जोडला. झालं, कुईं सुरू. रेस दिली की सूर चढतो, सोडली की उतरतो. आता प्लेअरचं ग्राउंड गाडीला दोन वाटांनी पोचतं, एक चार्जरमधून आणि एक ऑक्समधून. दोन्ही वाटांवर विजेचा दाब किंचित वेगळा असतो, आणि अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, तरंग त्या फरकातून थेट आवाजात शिरते. खात्री करायची तर चार्जर उपसा. कुईं थांबली तर दोष त्या जोडणीचा, टेपचा नाही. चार्जिंग हवंच असेल तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावतात. तिच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आवाज पलीकडं पोचतो, पण दोन्हीकडच्या ग्राउंडची जोडणी तुटते.

मग मामा यूएसबीकडं वळले, तर स्क्रीनवर 'नो डिव्हाइस'. प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोडला एमटीपी होतं. संगणकाला ते कळतं, पण बऱ्याच जुन्या टेपना कळत नाही, त्यांना साधा पेनड्राईव्ह समजतो. मोड एमएससी, म्हणजे पेनड्राईव्हसारखा, केल्यावर गाडीनं अडीचशे अभंग मोजून दाखवले. मामा प्लेअरचं बटण दाबत बसले. "ह्याची बटणं मेली की बे!" मेली नव्हती, डब्याला बटणं कशाला? आता गाडीची बटणं चालायला लागली, स्टेअरिंगवरची सुद्धा. नावं मात्र चौकोन-चौकोन दिसायला लागली, कारण त्या टेपमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. क्रमही विस्कटला. प्लेअरमध्ये लावलेली यादी आणि इक्वलायझर गाडीला ठाऊक नसतात, ती फाइलच्या नावावर जाते. फाइलची नावं आणि गाण्यांचे टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, रोमन लिपीत करून, नावांआधी 001, 002 घातले आणि काकडा पुन्हा शेजारतीच्या आधी आला.

पेनड्राईव्ह वापरणार असाल तर तो एफएटी32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला असावा. एनटीएफएस किंवा एक्सएफएटी पद्धतीचा अनेक टेप वाचत नाहीत. जुन्या आयपॉडची भानगड निराळी. तो गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी सांकेतिक नावांनी ठेवतो. आयपॉड ओळखणारी गाडी असेल तर नावासकट सगळं दिसतं, नसेल तर बहुतेक वेळा तो नुसता चार्ज होतो. तिथं ऑक्सच बरं. ॲपवरून ऐकायची गाणीही यूएसबीतून फाइल म्हणून गाडीला मिळत नाहीत.

एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला हेडफोनची पिन असलेली वायर नवी पेठेत मामांना कुणीतरी "दोन्हीचं काम करते" म्हणून दिली. तशी वायर खोटी नसते. आयपॉड शफलची तशीच होती, पण ती चार्ज करायला आणि संगणकावरून गाणी भरायला. गाडीचं यूएसबी आणि प्लेअरचं हेडफोन भोक तिनं जोडलं तर काही वाजत नाही. एकीकडं आकडे, दुसरीकडं आवाज, आणि मधे भाषांतर करणारी चिप नाही.

आवाज कशाचा चांगला, हे लोक फार विचारतात. 128 केबीपीएसची (सेकंदाला 128 किलोबिट) फाइल दोन्हीकडनं 128 चीच वाजते, आणि हायवेवर काचा खाली असतील तर मला तरी फरक कळलेला नाही.

सध्या मामांच्या गाडीत यूएसबीला सोळा जीबीचा पेनड्राईव्ह कायमचा आहे. प्लेअर ऑक्सवर लागतो तो मामी पुढं बसल्या की. त्यांना बटण स्वतःच्या हातात लागतं.