सीडीके१ जनुक

सीडीके१ हे पेशीविभाजनाचे नियमन करणाऱ्या एका विकराचे मानवी जनुक आहे. ते दहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, १०क्यू२१.२ या पट्ट्यात असते. त्याच्या संकेतानुसार २९७ अमिनो आम्लांचे, सुमारे ३४ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन तयार होते. हे प्रथिन किनेज गटातले विकर आहे; सीडीके म्हणजे सायक्लिन या जोडीदार प्रथिनावर अवलंबून असणारे किनेज. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या रेणूवरचा फॉस्फेट गट काढून ते इतर प्रथिनांमधील सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर बसवते. फॉस्फेट बसले की त्या प्रथिनाचे काम बदलते, कधी त्याची जागा बदलते, तर कधी जोडीदार. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर पोहोचली की सीडीके१ शेकडो प्रथिनांवर अशी फॉस्फेटे बसवते आणि पेशी सूत्री विभाजनात शिरते. जुन्या शोधनिबंधांत हेच जनुक सीडीसी२ या नावाने आणि त्याचे प्रथिन पी३४ या नावाने भेटते.

या जनुकाचा माग माणसात नव्हे, तर यीस्टमध्ये लागला. १९७०च्या सुमारास लेलंड हार्टवेल यांनी अमेरिकेत पावाच्या यीस्टचे असे उत्परिवर्ती वाण गोळा केले, ज्यांचे पेशीचक्र ठरावीक टप्प्यावर अडत असे. त्यांतले सीडीसी२८ हे जनुक, म्हणजे याच जनुकाचे पावाच्या यीस्टमधले रूप, चक्राच्या अगदी सुरुवातीच्या निर्णयाशी निगडित निघाले. पॉल नर्स यांनी एडिंबरोमध्ये वेगळे यीस्ट निवडले, स्किझोसॅकरोमायसीस पाँबे. याच्या पेशी कांडीसारख्या असतात, टोकांकडून लांब होत जातात आणि मधोमध दुभंगतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली नुसती लांबी पाहिली तरी पेशी चक्रात कुठवर आली आहे याचा अंदाज येतो. विभाजन अडले, तर अशा पेशी वाढतच राहतात आणि लांबलचक दिसू लागतात. नर्स यांच्या हाती मात्र उलट प्रकारचे वाण लागले. त्यांतल्या पेशी नेहमीच्या जवळजवळ निम्म्या लांबीतच दुभंगत होत्या.

ही ठेंगणी पेशी का महत्त्वाची, हे समजून घेण्यासारखे आहे. यंत्रातला कुठलाही भाग मोडला तरी यंत्र थांबते, म्हणून विभाजन थांबवणाऱ्या बिघाडातून फारसे काही कळत नाही. बिघाडामुळे विभाजन वेळेआधी होत असेल, तर मात्र वेळ ठरवणारा भागच सापडलेला असतो. यातले बहुतेक वाण वी१ नावाच्या जनुकात बिघाड असलेले निघाले, पण एकातला बदल यीस्टच्या सीडीसी२ या जनुकात होता, ज्याच्या इतर बिघाडांनी विभाजन अडत असे. म्हणजे हे जनुक एका तऱ्हेने बिघडले तर विभाजन होतच नाही आणि दुसऱ्या तऱ्हेने बिघडले तर घाईने होते.

मानवी जनुक मिळाले ते १९८७ मध्ये. लंडनच्या इम्पिरियल कॅन्सर रिसर्च फंडच्या प्रयोगशाळेत मेलनी ली आणि नर्स यांनी तापमान वाढताच सीडीसी२ निकामी होणारा यीस्टचा वाण घेतला आणि त्यात मानवी जनुकांच्या प्रतींचा सरमिसळ संग्रह सोडला. वाढत्या तापमानाला जवळपास सगळ्या पेशींचे विभाजन अडले. ज्या मोजक्या पेशी दुभंगून वसाहती करू लागल्या, त्यांच्यात शिरलेला मानवी डीएनए बाहेर काढून वाचला गेला. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाची सुमारे ६३ टक्के अमिनो आम्ले यीस्टच्या प्रथिनाशी जुळत होती. प्रथिनाच्या एका वळशात तर प्रोलीन, सेरीन, थ्रिओनीन, अ‍ॅलानीन, आयसोल्युसीन, आर्जिनीन आणि ग्लुटामिक आम्ल हा सातांचा क्रम दोन्हींकडे जसाच्या तसा होता. सायक्लिन याच वळशाला चिकटते. यीस्ट आणि माणूस यांचे वंश शंभर कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले असे मानले जाते. तरीही एकाचे विकर दुसऱ्याच्या पेशीत चालले, आणि जीवशास्त्रात समान वंशाचा इतका रोखठोक पुरावा क्वचितच मिळतो.

तिकडे बेडकांवर काम करणारे संशोधक वेगळ्या वाटेने याच जागी येत होते. योशिओ मासुई आणि क्लेमंट मार्कर्ट यांनी १९७१ मध्ये दाखवले की पक्व अंडपेशीतला पेशीद्रव अपक्व अंडपेशीत टोचला, तर तीही पक्व होते. या अज्ञात घटकाला एमपीएफ, म्हणजे पक्वता आणणारा घटक, असे नाव पडले. १९८२ मध्ये वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत टिम हंट यांना समुद्रसाळूच्या फलित अंड्यांत एक विचित्र प्रथिन आढळले. ते हळूहळू साठत जाई, प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होई आणि पुन्हा साठू लागे. हेच सायक्लिन. १९८८ मध्ये एमपीएफ शुद्ध रूपात मिळाले आणि त्यानंतर लवकरच त्याचा एक घटक सीडीसी२ आणि दुसरा सायक्लिन बी असल्याचे स्पष्ट झाले. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक शाखेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मासुई त्यात नव्हते, हे अनेकांना खटकले.

सीडीके१ला पेशीविभाजनाचा मुख्य स्विच म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. विभाजन पावत राहणाऱ्या पेशीत या विकराचे प्रमाण जवळपास सारखेच असते. बदलतो तो त्याच्यावरचा ताबा. एकटे सीडीके१ निष्क्रिय असते, म्हणून आधी सायक्लिन ए किंवा बी त्याला चिकटावे लागते. मग १६१व्या जागेवरच्या थ्रिओनीनवर सीडीके७ हे दुसरे किनेज फॉस्फेट बसवते आणि विकराची क्रियाशील जागा मोकळी होते. एवढ्याने भागत नाही, कारण १५व्या जागेवरच्या टायरोसीनवर वी१ या किनेजने आणि शेजारच्या १४व्या थ्रिओनीनवर एमवायटी१ या किनेजने फॉस्फेट बसवून ठेवलेले असते. ही दोन फॉस्फेटे असेपर्यंत सायक्लिनने सज्ज झालेले विकरही काम करत नाही. सीडीसी२५ गटातली विकरे ती काढतात, तेव्हा कुठे विभाजन सुरू होते.

इथे खरी गंमत आहे. सुटलेले थोडेसे सीडीके१ लगेच सीडीसी२५ला चेतवते आणि वी१ला दाबते, म्हणजे स्वतःचीच आणखी सुटका करून घेते. त्यामुळे सक्रियता हळूहळू चढत नाही, एकदम उसळते. एकदा सुरुवात झाली की अर्ध्यावरून परतणे पेशीला सहसा जमत नाही. मग कामे भराभर होतात. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन प्रथिनांवर फॉस्फेट बसते आणि ते जाळे विस्कटते. कंडेन्सिन चेतते आणि गुणसूत्रे आखडून जाड होतात. तर्कूचे धागे रचणारी प्रथिनेही कामाला लागतात. गुणसूत्रे मध्यभागी नीट जोडली गेली की एपीसी नावाचे संकुल सायक्लिन बीवर नाशाची खूण लावते, प्रोटिएसोम हे प्रथिने तोडणारे यंत्र त्याचे तुकडे करते आणि सीडीके१ पुन्हा निष्क्रिय होते. सायक्लिन नष्ट होऊ दिले नाही, तर पेशी विभाजनातून बाहेरच पडू शकत नाही.

डीएनएला इजा झाली तर हाच ताबा कामी येतो. एटीएम आणि एटीआर ही विकरे इजेची खबर सीएचके१ व सीएचके२ या किनेजांमार्फत पुढे पोहोचवतात, सीडीसी२५ रोखले जाते आणि टायरोसीनवरचे फॉस्फेट जागच्या जागी राहते. दुरुस्ती होईपर्यंत पेशी जी२ अवस्थेत, म्हणजे विभाजनाच्या लगेच आधीच्या टप्प्यात, थांबते. स्त्रीच्या अंडपेशीत असाच थांबा कितीतरी लांबतो. गर्भावस्थेतच अर्धसूत्री विभाजन सुरू करून थांबलेली अंडपेशी सीडीके१ दबलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे, काही तर चार-पाच दशके काढते. ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट आली की तो दाब सुटतो आणि विभाजन पुढे सरकते.

सस्तन प्राण्यांत सीडीकेंची संख्या बरीच आहे, त्यामुळे एक गेले तर दुसरे भार उचलेल असे वाटत होते. २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी चित्र स्पष्ट केले. सीडीके२, ३, ४ आणि ६ ही चारही जनुके नसलेला भ्रूण गर्भकाळाच्या मध्यापर्यंत वाढला, कारण सीडीके१ एकटे चक्र फिरवत राहिले. सीडीके१ नसलेला भ्रूण मात्र पहिल्या काही विभाजनांतच थांबला. प्रौढ उंदराच्या यकृतातून हे जनुक काढले तेव्हा वेगळेच दिसले. यकृताचा मोठा भाग कापल्यावर ते पूर्वीच्या आकारापर्यंत भरून आले, पण पेशी दुभंगल्या नाहीत, नुसत्या फुगून मोठ्या झाल्या.

ही अनिवार्यता औषधनिर्मितीत आड येते. कर्करोगाच्या अनेक गाठींत सीडीके१चे प्रमाण वाढलेले आढळते, पण ते रोखले तर आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींचे विभाजनही थांबते. सीडीके४ आणि ६ रोखणाऱ्या पाल्बोसायक्लिबला अमेरिकेत २०१५ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली, पण नेमके सीडीके१वर चालणारे औषध अजून रुग्णांपर्यंत आलेले नाही. रोहितुकीन या वनस्पतिजन्य रेणूवरून बेतलेले फ्लाव्होपिरिडॉल अनेक सीडीकेंना एकदमच रोखते. अ‍ॅडाव्होसर्टिब या औषधामागचा विचार याच्या उलट आहे. ते वी१ला रोखून सीडीके१ मोकाट सोडते. इजा झाल्यावर पेशीचक्र रोखणारे पी५३ हे जनुक बिघडलेल्या कर्कपेशी इजा झाल्यावर थांबण्यासाठी जी२च्या नाक्यावरच विसंबून असतात, त्यामुळे तुटका डीएनए घेऊन त्या विभाजनात ढकलल्या जातात आणि मरतात. मानवी चाचण्यांत हे औषध तपासले गेले आहे. प्रयोगशाळेत सर्वाधिक वापर आरओ-३३०६ या रेणूचा होतो. तो माध्यमात घातला की संवर्धनातल्या पेशी जी२च्या शेवटी येऊन अडतात, आणि धुऊन काढला की त्यांतल्या बहुतेक एकाच वेळी विभाजनात शिरतात.