इस्त्री फिरवली तरी केस नैसर्गिकच

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे नैसर्गिक केस म्हणजे फक्त मोकळा, गोल आफ्रो, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. वेण्या, ट्विस्ट (दोन बटा एकमेकींभोवती पिळलेल्या), लॉक्स (जटांसारख्या बटा) हेही त्यातच येतात. खरा प्रश्न रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं रसायन, लावला का, हा. रिलॅक्सरमधलं सोडियम हायड्रॉक्साइडसारखं तीव्र अल्कली केसांच्या प्रथिनातले गंधकाचे बंध कायमचे बदलतं. तो केस पुन्हा कुरळा होत नाही. मुळाशी नवा उगवतो, तोच मूळ वळणाचा. गरम कंगव्याने किंवा इस्त्रीने मात्र हायड्रोजनचे बंध तात्पुरते सुटतात, पाणी लागलं की केस परत वळतात. (अति उष्णतेने वळण कायमचं बिघडू शकतं, तेवढं जपायला हवं.) रंगवलेल्या केसांबद्दल त्या स्त्रियांमध्येच मतभेद आहेत. वळण शाबूत असेल तर माझ्या मते तेही नैसर्गिकच.