ध्रुवीय प्रकाश : रात्रीच्या उजेडाला पहाटेचं नाव

मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात तांबूस झळाळी दिसली आणि बातम्यांमधून ध्रुवीय प्रकाशाचं, म्हणजे ध्रुवांकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या या रंगीत उजेडाचं, 'ऑरोरा' हे नाव आपल्या घरांत आलं. ठाण्यात किंवा वाशीत तो कानावर पडला की आधी अरोरा हे पंजाबी आडनाव आठवतं. त्याच्याशी याचं नातं नाही. नातं आहे ते दुसरीकडे.

ऑरोरा ही रोमनांची पहाटेची देवता. १६१९ मध्ये गॅलिलिओने उत्तरेकडच्या या उजेडाला तिचं नाव दिलं. 'ऑरोरा बोरिॲलिस' या पूर्ण नावातलं पुढचं 'बोरिॲलिस' ग्रीकांच्या उत्तर वाऱ्यावरून, बोरिअसवरून आलं. पण रात्रीच्या गोष्टीला पहाट का म्हणायचं? कारण गॅलिलिओ इटलीत होता. या प्रकाशातला हिरवा रंग साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर उमटतो आणि तांबडा त्याच्याही बराच वर, दोन्ही ऑक्सिजनचेच. दूर दक्षिणेतून पाहताना हिरवा पृथ्वीच्या गोलाईआड राहतो आणि क्षितिजावर नुसतं तांबडं फुटल्यासारखं दिसतं. डोक्यावर हा प्रकाश पाहणाऱ्यांना पहाट सुचली नाही. तेराव्या शतकातल्या नॉर्वेच्या ग्रंथात तो 'उत्तरेचा उजेड' आहे, आणि फिनलंडमध्ये 'कोल्ह्याची आग'.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती मात्र ऑरोरा आणि उषा यांची सोयरीक. दोन्ही शब्द एकाच मूळ धातूतून आले. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' झाला, संस्कृतात 'उषस्' राहिलं. ऋग्वेदातल्या उषासूक्तांमध्ये ध्रुवप्रदेशातली लांबच लांब पहाट आहे, असं लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये मांडलं होतं. तो सिद्धान्त आज मान्य नाही, पण शब्दांचं नातं पक्कं आहे.

मराठीतला 'ध्रुवीय प्रकाश' ठिकाण सांगतो, रूप नाही. संस्कृत वळणाचा 'मेरुज्योती'ही तसाच. मेरू उत्तर ध्रुवावर, ही जुन्या ज्योतिषातली कल्पना. न पाहिलेल्या गोष्टीला असंच नाव मिळायचं.

तरी आपला संबंध अगदीच पुस्तकी नाही. ज्या सौरवादळांत हा प्रकाश दूर दक्षिणेतही दिसतो, ती पृथ्वीच्या चुंबकत्वातही खळबळ माजवतात. १८५९ चं असंच प्रचंड चुंबकीय वादळ मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने नोंदवलं. विजेच्या ट्राममुळे मोजमापं बिघडतील म्हणून पुढे ते काम अलिबागला गेलं, आणि ती परंपरा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलमध्ये आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर हा प्रकाश थेट मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. त्या रात्री ठाण्याच्या खाडीकाठी कुणी जागं असेल, तर कोंबडा आरवायच्या आधीच तांबडं कसं फुटलं, असंच त्याला वाटलं असेल.