रमेश देव (अभिनेता)

रमेश देव (३० जानेवारी १९२९ – २ फेब्रुवारी २०२२) हे मराठी आणि हिंदी सिनेमात, पुढं टीव्हीवरही काम केलेले कोल्हापूरचे नट. बहुतेक जण त्यांना 'देखणा हिरो' म्हणून ओळखतात, पण तेवढ्यावर सोडून दिलं तर त्यांच्या कामावर अन्याय होतो.

ज्या वर्षी त्यांचा जन्म झाला त्याच वर्षी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली तरी गावातलं शूटिंग थांबलं नाही, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ होताच, त्यामुळं इथल्या पोरांना सिनेमा म्हणजे कुठंतरी लांब मुंबईला घडणारी गोष्ट वाटायची नाही.

१९५१ च्या 'पाटलाची पोर'मध्ये त्यांना छोटं काम मिळालं. नाव झालं ते १९५६ च्या 'आंधळा मागतो एक डोळा'मुळं, दिग्दर्शक राजा परांजपे, आणि तिथं रोल होता व्हिलनचा! मग 'सुवासिनी', 'वरदक्षिणा', 'मोलकरीण', 'अपराध' असे पिक्चर आले. महेंद्र कपूरनी गायलेलं 'सूर तेच छेडिता' हे 'अपराध'मधलंच. सीमा देव (माहेरच्या नलिनी सराफ) यांच्याशी त्यांची जोडी पडद्यावर जमली आणि १९६३ ला लग्नही झालं.

हिंदीत १९६२ ला राजश्री प्रॉडक्शन्सच्या 'आरती'पासून सुरुवात. पण त्यांची खरी रेंज बघायची असेल तर १९७१ सालचे दोन पिक्चर पाठोपाठ बघावेत. 'आनंद'मधले डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आठवा, काही झालेलं नसताना आजारी आहे म्हणत येणाऱ्या श्रीमंत पेशंटला त्याचा डॉक्टर मित्र भास्कर (अमिताभ बच्चन) सरळ परत पाठवतो आणि हा प्रकाश मात्र हसतमुखानं औषध देऊन पैसे घेतो, कारण त्याच पैशातून गरिबांवर उपचार होतात. बायको सुमनच्या रोलमध्ये सीमा देवच आहेत. आता गुलजारांचा 'मेरे अपने' लावा. तिथं देव नातेवाईक म्हणवून खेड्यातल्या म्हातारीला, म्हणजे मीनाकुमारीला, शहरात घेऊन येतात, मायेनं नाही तर घरकामाला आणि पोर सांभाळायला फुकटचं माणूस हवं म्हणून. दोन्हीकडं चेहरा तोच, तसंच गोड बोलणं, वेगळा मेकअप नाही की आवाज चढवणं नाही, तरी एकीकडं आपल्याला धीर येतो आणि दुसरीकडं चीड. माझ्या मते हे व्हिलनगिरीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे आणि ह्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पुढं चरित्र भूमिका वाढल्या, निर्मितीत हात घातला, 'निवडुंग' ही मालिका केली. थोरला मुलगा अजिंक्य नट झाला, धाकटा मुलगा अभिनय दिग्दर्शक झाला. २०१३ च्या 'जॉली एलएलबी'त कोर्टाच्या कँटीनमधले कौलसाहेब म्हणजे रमेश देवच, तेव्हा वय चौऱ्याऐंशी.