खुलासा : फार्मासिस्ट म्हणजे नुसता गोळ्या देणारा नव्हे

‘फार्मासिस्टचं काम काय, तर चिठ्ठी वाचून गोळ्या देणं’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे रुग्णालयात रुग्णांच्या औषधांवर लक्ष ठेवणारा फार्मासिस्ट, डॉक्टरांसोबत वॉर्डात राउंडला असतो. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध सुरू झालं, तर वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. हे वेळीच हेरून तो डॉक्टरांना सांगतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा डोस सुचवतो. घरून आणलेली गोळ्यांची पिशवीही तपासतो, आणि मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं : एकच औषध दोन ब्रँडनावांनी चालू असल्याचं तिथेच सापडतं. रोगाचं निदान मात्र डॉक्टरच करतात. भारतात क्लिनिकल फार्मासिस्टच्या कामासाठीचा ६ वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं.