पेटंटचा खटला कोण लढवू शकतो?

‘इंजिनिअरिंग करून पेटंट एजंटची परीक्षा पास झालात की कोर्टात पेटंटचे खटले लढवता येतात, एलएलबी लागत नाही’, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यातलं अर्धं खरं आहे.

पेटंट कायदा, 1970 चं कलम 126 पाहा. एजंट व्हायला विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, कायद्याची नाही. पण लगेच पुढचं कलम 127 वाचा: एजंटचं काम कंट्रोलरपुढचं (म्हणजे पेटंट कार्यालयातल्या अधिकाऱ्यापुढचं): अर्ज, कागदपत्रं, सुनावणी. उल्लंघनाचा दावा कलम 104 नुसार जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर चालतो, आणि तिथे दुसऱ्याच्या वतीने उभं राहण्याचा हक्क सर्वसाधारणपणे सनदी वकिलालाच. त्यासाठी ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 चं कलम 33 बघा. सनदेला इंजिनिअरिंगची अट नाही.

मग इंजिनिअरिंग वाया? अजिबात नाही. पेटंटमध्ये ‘झडप स्प्रिंगने बंद होते’ असं लिहिलंय आणि समोरच्याच्या पंपात ती पाण्याच्या दाबाने बंद होते. हे उल्लंघन ठरतं का? ड्रॉइंग वाचता येणारा वकील इथे नेमका मुद्दा चटकन पकडतो. म्हणून बी.ई.नंतरचं तीन वर्षांचं एलएलबी मला खरोखर मोलाचं वाटतं.

दोन्ही कायदे सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी ही चार कलमं वाचून घ्या.