सेंट पॉल महाविद्यालय, जुने गोवे

जुन्या गोव्यातील जेझुइट, म्हणजे येशू संघ या कॅथलिक धर्मसंघाच्या, पाद्र्यांची सोळाव्या शतकातील शिक्षणसंस्था. कोकण किनाऱ्यावर युरोपीय धाटणीच्या उच्च शिक्षणाची सुरुवात येथून झाली. तिला सरसकट विद्यापीठ म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. लॅटिन, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र येथे शिकवले जाई, पण मूळ हेतू धर्मोपदेशक घडवण्याचा होता.

1541 मध्ये मिगेल व्हाझ आणि दियोगु द बोर्बा या दोन धर्मगुरूंनी 'सांता फे', म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचा संघ स्थापून त्याला जोडून पाठशाळा काढली. एतद्देशीय मुलांना शिकवून त्यांच्याच लोकांत धर्मप्रसारासाठी पाठवायचे, अशी योजना होती. पैसा कोठून आला, हे मात्र संस्थेच्या गौरवपर वर्णनांत सहसा भरभर उरकले जाते. 1540 च्या सुमारास तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न पूर्वी पूजाअर्चा, दिवाबत्ती आणि देवळाच्या सेवेकऱ्यांवर खर्च होत असे. ते आता पाठशाळेकडे वळवले गेले. गावकऱ्यांनी हे राजीखुशीने मान्य केले, असे पोर्तुगीज कागद म्हणतात. देऊळ पाडल्यावर घेतलेली संमती किती खुशीची असेल, हे वाचकाने ठरवावे.

6 मे 1542 रोजी जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि त्या दशकात संस्था हळूहळू जेझुइटांच्या हाती गेली. तिच्या चर्चचे पावित्र्यविधान 25 जानेवारी 1543 रोजी, संत पॉलच्या धर्मांतराच्या सणाला झाले. त्यावरून सेंट पॉल हे नाव पडले. पुढे भारतातील जेझुइटांनाच लोक 'पावलिस्त' म्हणू लागले.

महाविद्यालय नेमके कोणासाठी, हा वाद पहिल्या दहा वर्षांतच पेटला. 1548 मध्ये आलेला रेक्टर, म्हणजे महाविद्यालयाचा प्रमुख, आंतोनियु गोमिश याने एतद्देशीय विद्यार्थ्यांना बाहेर काढून पोर्तुगीज मुले भरली. पूर्वेच्या प्रवासाहून परतलेल्या झेवियरने 1552 मध्ये त्याला पदावरून काढलेच, शिवाय जेझुइट संघातूनही बडतर्फ केले. प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. पुढे चीनमध्ये नाव काढणारा मातेओ रिची तरुणपणी येथे शिकत आणि शिकवत होता. एतद्देशीयांना तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकू द्यायचे नाही, असा निर्णय झाल्यावर त्याने 1581 मध्ये रोमला पत्र लिहून हरकत घेतली. शिकून ही माणसे डोईजड होतील, ही भीती त्याला पटली नव्हती. ज्या योजनेतून संस्था निघाली, तिच्याच विरुद्ध संस्था चालली होती.

येथील वर्ग फार दूरदूरच्या लोकांनी भरलेले असत. हिंदुस्थानातल्या मुलांबरोबर मलायी, आफ्रिकी, चिनी विद्यार्थी होते. 1548 मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी गृहस्थही येथे शिकला. अकबराच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळाचा प्रमुख रोदोल्फो आक्वाविवा येथे अध्यापक होता.

6 सप्टेंबर 1556 रोजी गोव्याला पोचलेला छापखाना खरे तर अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचा होता. तिथल्या बादशहाचा प्रतिकूल नूर पाहून तो येथेच राहिला आणि या महाविद्यालयात बसवला गेला. हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास असा अडलेल्या सामानापासून सुरू होतो. 1577 मध्ये गोव्यात छपाईसाठी तमिळ अक्षरांचे खिळे ओतले गेले. देवनागरीचे मात्र जमले नाही. त्याची किंमत मराठीने मोजली. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने गोव्यातल्याच साष्टीत (मुंबईजवळच्या नव्हे) राहून दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. देशी लिपीत छापण्याची परवानगी त्याने 1608 मध्ये रोमकडे मागितली होती. तरीही 1616 मध्ये राशोल येथे ग्रंथ निघाला तो रोमन लिपीतच. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आज मराठी वाचकाच्या तोंडी असतात, पण मूळ छापील पान त्याला वाचता आले नसते.

राशोलचे महाविद्यालय हे सेंट पॉलचे साष्टीतले भावंड. वसई आणि चौल येथेही जेझुइटांची महाविद्यालये होती. वसईतले पर्व 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या विजयाबरोबर संपले.

सेंट पॉलची जागा रोगट होती. 1578 च्या साथीनंतर महाविद्यालय टप्प्याटप्प्याने गावातल्या टेकडीवरील नव्या इमारतीत हलले. 1759 मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या हुकुमाने जेझुइटांना पोर्तुगीज राज्यातून हद्दपार करण्यात आले आणि अध्यापन थांबले. जुनी इमारत 1832 मध्ये पाडली गेली. आज उरली आहे ती चर्चच्या दर्शनी भागातील जांभ्या दगडाची एक कमान, वर क्रूस असलेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती संरक्षित केली आहे. जवळच झेवियरच्या नावाचे छोटे चॅपेल आहे. ते 1884 मध्ये पुन्हा बांधले गेले. 1554 मध्ये गोव्यात आणलेला झेवियरचा देह प्रथम याच महाविद्यालयाच्या चर्चमध्ये ठेवला होता. आता तो बॉम जेझू बॅसिलिकेत आहे आणि गर्दीही तिकडेच असते.